#इतिहास_धागा : खिशात मावलेला कॅमेरा

(१)
अनेक मराठी घरांतील छायाचित्रांच्या संग्रहात एक चमत्कारिक खिंडार आढळते. साधारणपणे २००३ पर्यंतची छायाचित्रे अल्बममध्ये नीट लावलेली असतात. २०१३ नंतरची मोबाइलमध्ये किंवा क्लाउडवर असतात. मधल्या दहा वर्षांत घरोघरी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक छायाचित्रे काढली गेली, आणि नेमकी तीच आज सापडत नाहीत. ते दशक खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याचे होते. आजचा धागा त्याच्याविषयी. लांब आहे, सवडीने वाचावा.

(२)
प्रारंभ मात्र खिशात मावणारा नव्हता. डिसेंबर १९७५. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरी, कोडॅक कंपनीच्या एका प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने एक पेटी जोडली. तिचे वजन सुमारे ३.६ किलो. भिंग सुपर-८ चलच्चित्र कॅमेऱ्यातून काढलेले, वीज पुरवायला १६ बॅटऱ्या, आणि चित्र साठवायला साधी कॅसेट. चित्रात १०० × १०० म्हणजे अवघे १०,००० बिंदू. एक चित्र टेपवर उतरायला २३ सेकंद लागत, आणि ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहण्यासाठी निराळे यंत्र.

या पेटीचे हृदय होते सीसीडी नावाची चकती. प्रकाश पडला की तिच्यावरील प्रत्येक बिंदूत विद्युतभार साठतो आणि तो ओळीने वाचून घेता येतो. विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत ती कल्पना मांडली होती. त्याबद्दलचे नोबेल त्यांना मिळाले २००९ मध्ये, चाळीस वर्षांनी.

(३)
सॅसनने ही पेटी कंपनीच्या वरिष्ठांना दाखवली तेव्हा त्याला आलेल्या प्रश्नांत तंत्राविषयी थोडेच होते. आपले छायाचित्र दूरचित्रवाणीवर कोण पाहील? कागदावरच्या छायाचित्राविषयी कोणाची तक्रार आहे का? फिल्म, रसायने आणि कागद विकून जगणाऱ्या कंपनीला हे प्रश्न पडणे स्वाभाविकच होते. कोडॅकच्या मूर्खपणाची ही गोष्ट म्हणून हा प्रसंग समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. मला ते अन्यायाचे वाटते. त्यांनी १९७८ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. कल्पना त्यांनी कचऱ्यात टाकली नव्हती. धंद्याचा पाया आपल्याच हातांनी खणायचा की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी दोन दशके पुढे ढकलले.

हे तंत्र सामान्य ग्राहकापर्यंत केव्हा पोहोचेल, असे विचारल्यावर सॅसनने हिशेब मांडून पंधरा-वीस वर्षे सांगितली. त्यासाठी सुमारे २० लाख बिंदू लागतील, असे त्याने गृहीत धरले होते.

(४)
हा आकडा आपणही पडताळून पाहू शकतो. नेहमीची ४ × ६ इंची प्रत. डोळ्याला ती सलग दिसावी म्हणून इंचाला ३०० बिंदू धरू. १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार. दोन मेगापिक्सेल! घरगुती अल्बमची खरी गरज एवढीच होती. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे कामाला येणार आहे.

(५)
मधली वर्षे भराभर ओलांडू. सोनीने १९८१ मध्ये दाखवलेला माविका फिल्मविना चालत असे, पण तो डिजिटल नव्हता. चित्राचा संकेत तो लहानशा फ्लॉपीवर ॲनालॉग रूपात उतरवी. फुजीने १९८८ मध्ये मेमरी कार्डावर चित्र साठवणारा डीएस-१पी दाखवला. ॲपलचा क्विकटेक १९९४ मध्ये आला. पूर्ण आकाराची चित्रे त्यात आठच मावत.

(६)
खरे वळण १९९५ चे, आणि ते आणले कॅल्क्युलेटर व घड्याळे करणाऱ्या कॅसिओ कंपनीने. हिरोयुकी सुएताका यांच्या चमूने आधी बांधलेला नमुना इतका तापे आणि इतका जड होता की त्याला ‘अत्सुको’ आणि ‘ओमोको’ अशी स्त्रियांची वाटणारी टोपणनावे पडली. जपानीत ‘अत्सुई’ म्हणजे गरम, ‘ओमोई’ म्हणजे जड. आपल्या भाषेत तापाबाई आणि भाराबाई म्हणावे तसे. त्यातून अखेर क्यूव्ही-१० हा कॅमेरा बाजारात आला. किंमत ६५,००० येन. चित्र ३२० × २४० बिंदूंचे, म्हणजे सुमारच. पण पाठीवर १.८ इंचाचा पडदा होता. काढलेले छायाचित्र तिथल्या तिथे पाहायचे, नको असेल तर पुसायचे.

आज हे सांगण्यासारखेही वाटत नाही. परंतु छायाचित्र काढणे आणि पाहणे यांच्यामध्ये तोवर दिवसांचे, कधी महिन्यांचे अंतर होते. ते अंतर या लहानशा पडद्याने मिटवले.

(७)
आपल्याकडे ते अंतर कसे होते, हे चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. ३६ चित्रांचा एक रोल. त्यात गणपती, धाकट्याचा वाढदिवस, महाबळेश्वरची सहल आणि शेवटी ‘रोल संपवायचा म्हणून’ काढलेली दारातली दोन चित्रे. मग रोल धुवायला देणे. चार दिवसांनी कळे की आत्याचे डोळे तिन्ही चित्रांत मिटलेले आहेत.

(८)
मे २००० मध्ये कॅननचा डिजिटल इक्सस आला. ८७ × ५७ × २६.९ मिलिमीटर, आणि चित्र दोन मेगापिक्सेलचे. सॅसनचा आकडा पंचवीस वर्षांनी शर्टाच्या खिशात उतरला होता.

त्यापुढची शर्यत जाडीची. खिशाला उंची-रुंदीचे फारसे वावडे नसते. टोचते ती जाडी. मिनोल्टाने २००२ मध्ये प्रकाशाचा मार्गच काटकोनात वळवला, त्यामुळे झूम होताना भिंग बाहेर येण्याचे कारणच उरले नाही. पेन्टॅक्सने २००३ मध्ये दुसरी युक्ती केली : भिंग आत जाताना त्यातील काही काचा बाजूला सरकून वर बसत. तो कॅमेरा पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत मावे. कॅसिओचा २००२ चा एक्झिलिम तर ११.३ मिलिमीटर जाडीचा होता. झूम सोडून देऊन त्यांनी ते साधले.

(९)
या बारीकपणाची किंमत मोजली ती सेन्सरने. सेन्सर मोठा, तर तेवढेच दृश्य टिपायला भिंगाचे नाभीय अंतर जास्त, म्हणजे कॅमेरा जाड. म्हणून खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असणे भागच होते. किती लहान, हे मात्र ग्राहकाला कळू नये अशी व्यवस्था होती. डब्यावर ‘१/२.५ इंच’ असे लिहिलेले असे. इंचाचा हा भाग म्हणजे कर्ण १० मिलिमीटर असावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो जेमतेम ७ मिलिमीटर असतो. हे माप सेन्सरचे नाहीच! दूरचित्रवाणीच्या जुन्या कॅमेऱ्यांत काचेची नळी असे, त्या नळीच्या बाहेरील व्यासावरून चालत आलेली ती रूढी आहे. नळ्या गेल्या, माप राहिले. आपल्याकडे गावोगावच्या शेरांनी जो घोटाळा घातला होता, त्याच जातीचा हा.

त्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस मिलिमीटर. जुन्या फिल्मच्या एका चौकटीचे ८६४.

(१०)
आणि त्या २५ चौरस मिलिमीटरांत कंपन्या दरवर्षी अधिकाधिक बिंदू कोंबत गेल्या. दोन, तीन, पाच, सात, दहा, बारा मेगापिक्सेल. दुकानदाराला सांगायला सोपा आणि गिऱ्हाइकाला तुलना करायला सोपा असा तो एकच आकडा होता. पण जागा तेवढीच राहिली आणि बिंदू दुप्पट झाले, की प्रत्येक बिंदूच्या वाट्याला प्रकाश निम्मा येतो. सायंकाळच्या दिवाणखान्यात काढलेल्या चित्रांत चेहऱ्यांवर रंगीत रवा पसरल्यासारखा दिसे, तो याचा परिणाम. ‘डिजिटल झूम’ ही त्याची धाकटी बहीण. चित्राचा मधला तुकडा कापून फुगवायचा, याला झूम म्हणणे ही निव्वळ जाहिरात होती.

या शर्यतीत माघारीचा एक प्रसंग घडला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. कॅननच्या २००८ च्या जी-१० मध्ये १४.७ मेगापिक्सेल होते. पुढच्याच वर्षीच्या जी-११ मध्ये त्याच मापाच्या सेन्सरवर १०. नवे मॉडेल, आकडा कमी! एवढ्या मोठ्या कंपनीने आपली आधीची दिशा चुकल्याचे याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच सांगितले असेल.

(११)
वापराविषयी थोडे. त्या काळच्या लग्नाच्या चित्रांत वधू-वर नेहमी ‘नंतरच्या’ क्षणी का सापडतात? अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले, अक्षता खाली पडल्या, आणि मग चित्र निघाले. बटण दाबल्यावर कॅमेरा आधी फोकस शोधी, मग लाल डोळे टाळण्यासाठी एकदा फ्लॅश चमकवी, आणि मग खरे चित्र घेई. फ्लॅश भिंगाला चिकटून असल्याने त्याचा उजेड डोळ्याच्या आतील पडद्यावरून सरळ परत येई. लाल डोळ्यांचे कारण तेच. उपाय माहितीपुस्तिकेत छापलेला होता : बटण आधी अर्धे दाबून धरा, फोकस झाला की क्षणाची वाट पाहा, मग पूर्ण दाबा. पुस्तिका वाचली कोणी? अमेरिकेहून आलेल्या भाच्याने कॅमेरा हातात ठेवलेला असे. त्याची गॅरंटी येथे चालत नसे आणि टीव्हीला जोडला तर चित्र धड दिसत नसे, कारण तो अमेरिकी एनटीएससी पद्धतीवर लावलेला असे आणि आपल्याकडची पद्धत पाल. मेनूत एक ओळ बदलली की काम होई. तीही कोणी बदलली नाही.

(१२)
दमट हवेच्या प्रदेशात राहणाऱ्यांसाठी एक नोंद. २००५ मध्ये सोनीने बनवलेल्या काही सीसीडींत दोष असल्याचे उघड झाले. उष्ण व दमट हवेत आतील जोडण्या सुटत आणि चित्र जांभळट, विकृत किंवा पूर्ण काळे येई. त्या सीसीडी इतर अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेल्या होत्या. त्यांनी विनामूल्य दुरुस्ती देऊ केली. कपाटातला जुना कॅमेरा आज जांभळी चित्रे देत असेल, तर दोष तुमच्या कपाटाचाच असेल असे नाही.

(१३)
अस्ताची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून फक्त दोन आकडे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदीनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यांतील बहुसंख्य खिशातले. २०२० मध्ये सर्व प्रकारचे मिळून ९० लाखही नव्हते. ज्या वर्षी इक्सस आला त्याच वर्षी, नोव्हेंबर २००० मध्ये, शार्पने जपानमध्ये कॅमेरा असलेला एक मोबाइल विकायला काढला होता. चित्र १ लाख १० हजार बिंदूंचे. त्याकडे कॅमेरावाल्यांनी कसे पाहिले असेल, याची कल्पना रॉचेस्टरच्या प्रसंगावरून करता येते. खुद्द कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्याच महिन्यात डिजिटल कॅमेरे करणे थांबवत असल्याचे जाहीर केले.

(१४)
आता त्या खिंडाराकडे येतो.

मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. नारायण दाजी हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू तिच्या कामात होते. त्या दशकात जॉन्सन आणि हेंडरसन यांनी प्रकाशित केलेली मुंबईची व मुंबईकरांची छायाचित्रे आजही पाहता येतात. कागद पिवळा पडला, पण चित्र आहे.

माझ्या आजीचे सहस्रचंद्रदर्शन २००६ मध्ये झाले. त्या दिवशी तीन कॅमेऱ्यांवर मिळून चारशेच्या वर चित्रे निघाली असावीत. दोन कॅमेऱ्यांतील चित्रे एकाच फोल्डरमध्ये उतरवली गेली. खिशातले कॅमेरे फाइलींना नावे ठरावीक साच्यात देतात : आयएमजी_०००१, ०००२, याप्रमाणे. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे होते. संगणकाने विचारले, ‘या नावाची फाइल आहे, बदलू का?’ कोणीतरी ‘होय, सर्व’ असे दाबले. जे उरले ते सीडीवर घातले. सीडीवरील रंगद्रव्याचा थर काळाने बिघडतो. ती सीडी आता उघडत नाही. आज त्या दिवसाची चार चित्रे आहेत, कारण काकांनी चारच प्रती छापून घेतल्या होत्या. नारायण दाजींच्या काळातील मुंबई मला दिसते. २००६ मधील माझे घर दिसत नाही.

(१५)
जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा शोधून वापरण्याची हौस सध्या तरुणांत पुन्हा आली आहे. घेणाऱ्यांनी मेगापिक्सेल शेवटी पाहावेत. आधी बॅटरी फुगलेली नाही ना आणि तशी नवी मिळते का, हे पाहावे. बाजारात कुठेही मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा म्हणूनच सोयीचा. मग कार्ड. २००६ पूर्वीचे बहुतेक कॅमेरे २ जीबीपर्यंतचीच साधी एसडी कार्डे वाचतात. आजचे ३२ जीबीचे कार्ड घालून ‘कॅमेरा बिघडला’ म्हणू नये. आणि घरात पडून असलेला कॅमेरा विकण्यापूर्वी त्यातले कार्ड तपासावे.

हे मी अनुभवाने सांगतो. तिसरा कॅमेरा मला गेल्या वर्षी माळ्यावर सापडला. कार्डावर अकरा चित्रे होती. त्यांवरील नोंद १ जानेवारी २००४ अशी आहे, कारण बॅटरी काढली की त्या कॅमेऱ्याचे घड्याळ मूळ तारखेवर परत जाई आणि ती कोणी लावली नव्हती. नऊ चित्रांत मंडपातली माणसे आहेत. एकात आजी स्वयंपाकघराच्या दारात बसली आहे, तिच्यामागे भिंतीवर कालनिर्णय. चित्र मोठे केले की पानावरचा महिना वाचता येतो : नोव्हेंबर २००६.