संगणकाची जर-तरची भाषा

मनुष्यानें बोलतांना ‘जर’ म्हटलें, तर ती अट कोठें संपली हें ऐकणारा स्वरावरून ओळखतो. संगणकाला स्वर कळत नाहीं. त्याला अटीचा आरंभ जितका स्पष्ट सांगावा लागतो, तितकाच तिचा शेवटही सांगावा लागतो. तो कसा सांगावा, या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन यांनीं १९७१ सालीं युनिक्स प्रणालीसाठीं ‘शेल’ सिद्ध केलें. टंकित आज्ञा वाचून योग्य त्या प्रोग्रॅमला कामास लावावें, एवढेंच त्याचें कर्तव्य. ‘इफ’, म्हणजे ‘जर’, हा शब्द त्या शेलचा नव्हताच. तो एक स्वतंत्र प्रोग्रॅम होता, आणि त्याची अट एका ओळींत संपे. अधिक आज्ञा वगळावयाच्या झाल्यास ‘गोटू’ नांवाचा दुसरा प्रोग्रॅम फाइलींत खूण शोधी व वाचन तेथून पुढें चालूं होई. लहान कामास हें पुरेसें होतें. आज्ञांची यादी लांबली कीं गुंता होई.

१९७९ सालीं युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचें शेल बाहेर पडलें. त्यांत ‘इफ’ला घरांतच स्थान मिळालें. अटीला समाप्तीचा शब्द नसेल, तर एका अटीच्या पोटीं दुसरी अट आल्यावर ‘नाहीं तर’ कोणत्या ‘जर’चें, हा वाद उत्पन्न होतो. बोर्न हे ‘आल्गोल ६८’ या भाषेचे जाणकार. तिच्याच रीतीनें त्यांनीं ‘इफ’चीं इंग्रजी अक्षरें उलटीं करून ‘फाय’ हा समाप्तिशब्द घेतला. त्याच न्यायानें ‘डू’चा शेवट ‘ओडी’ व्हावयास हवा होता. परंतु फाइलींतील मजकूर अष्टमान अंकांत दाखविणारा त्याच नांवाचा प्रोग्रॅम आधींच नांदत होता. म्हणून तेथें ‘डन’ आला.

सत्यासत्याचा निर्णयही असाच व्यवहारांतून झाला. ‘सी’ भाषेंत शून्य म्हणजे असत्य. शेलमध्यें मात्र शून्य म्हणजे सत्य. कारण तेथें अट म्हणजे एखादा प्रोग्रॅम, आणि तो यशस्वी झाल्यास शून्य कळवितो. यश एकाच प्रकारचें, अपयशाचे प्रकार अनेक. ते सांगण्यास उरलेले अंक उपयोगी पडतात.

१९८९ च्या ‘बॅश’नें हीच रीत उचलली, आणि १९९२ च्या ‘पॉझिक्स’ प्रमाणानें तिला नियमाचें रूप दिलें. भाषा घडविणारा तर्काला कितीही मानो, घरांत आधीं राहणाऱ्यांचीं नांवें त्याला पाळावींच लागतात. आणि त्यानें केलेली तडजोडच पुढच्या पिढ्यांचें व्याकरण होऊन बसते.