उद्भासनकाल आणि छायाचित्राची साक्ष

लेखी साधनांची चिकित्सा इतिहासाच्या अभ्यासकास नवीन नाही. लेखक कोण, काळ कोणता, हेतू कोणता, हे प्रश्न तो सहज विचारतो. छायाचित्र पुढे आले म्हणजे मात्र ही सावधगिरी सुटते. यंत्र पक्षपात करीत नाही, अशी आपली समजूत असते. परंतु प्रत्येक छायाचित्रामागे एक अलिखित अट असते. काचेवर, पत्र्यावर वा फिल्मवर प्रकाश किती वेळ पडू दिला, ही ती अट होय. या अवधीस परिभाषेत उद्भासनकाल म्हणतात. चित्रात कोणी उरावे व कोणी पुसले जावे, हे बऱ्याच अंशी तोच ठरवितो.

१८३८ मध्ये लुई दागेर याने पॅरिसमधील बुलेव्हार द्यु ताँप्ल या हमरस्त्याचे चित्र घेतले. रस्ता रहदारीचा होता. चित्रात तो जवळजवळ निर्मनुष्य दिसतो. उद्भासन कित्येक मिनिटांचे असल्याने चालत्या माणसांचा व गाड्यांचा ठसा उमटलाच नाही. बूट साफ करवून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक गृहस्थ तेवढा स्पष्ट उरला. १८३९ मध्ये हे चित्र पाहणाऱ्या सॅम्युअल मोर्स याने ही विसंगती तेव्हाच नोंदविली होती. येथे चित्र खोटे नाही. ते क्षणाचे नसून अवधीचे आहे, इतकेच.

१८३९ मध्येच फिलाडेल्फिया येथे दिव्यांच्या व्यवसायातील रॉबर्ट कॉर्नेलियस याने स्वतःचे चित्र घेतले. भिंग उघडून तो स्वतःच कॅमेऱ्यासमोर निश्चल राहिला. चित्रात तो मध्यापासून किंचित बाजूला आहे आणि केस विस्कटलेले आहेत. चित्रात उरावयाचे तर स्थिर राहणे भाग होते. पुढील काळातील स्टुडिओंत मान हलू नये म्हणून मागे टेकू लावीत. त्या चित्रांतील चेहऱ्यांच्या गांभीर्यावरून त्या समाजाच्या स्वभावाविषयी अनुमान काढणाऱ्याने हा टेकू विसरता कामा नये.

उद्भासनकाल घटल्याने हा प्रश्न संपला नाही, तो उलटला. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने कॅमेऱ्यांची ओळ मांडून धावत्या घोड्याची चित्रे घेतली. प्रत्येक उद्भासन सेकंदाच्या दोनहजाराव्या भागाहूनही कमी असल्याचे त्याने प्रसिद्ध केले. घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात, पण ते पोटाखाली जुळलेले असताना, हे त्यातून सिद्ध झाले. चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या पाय ताणलेला घोडा रंगवीत आले होते. तरीही १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संवादांत शिल्पकार रोदँ याने कलावंताचाच पक्ष घेतला: काळ प्रत्यक्षात थांबत नसल्याने थांबलेले चित्रच असत्य होय, असा त्याचा आशय होता.

पुढे फिलाडेल्फियातच मायब्रिजने मानव व प्राणी यांच्या हालचालींचे ७८१ फलक सिद्ध केले. ते १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. काही फलकांत तो स्वतःच विवस्त्र होऊन चालतो, पायरी चढतो. यादीत मात्र त्याची नोंद साठीच्या सुमाराचा माजी क्रीडापटू अशी आहे. १८३० मध्ये जन्मलेल्या मायब्रिजने तेव्हा साठी गाठलेली नव्हती. शिवाय काही फलकांतील चित्रे सलग नसून मागाहून जुळविलेली आहेत, हे मार्ता ब्राऊन यांच्या संशोधनाने दाखविले आहे. शटर वेगवान झाले, तरी निवड करणारा हात नाहीसा झाला नाही.

मराठीत ‘क्षणचित्र’ हा शब्द रूढ आहे. तो सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे, कारण क्षणाची लांबी तो सांगत नाही. सुरुवातीच्या दशकांतील एखाद्या शहराचे चित्र पाहून रस्ता ओस होता असे लिहिण्यापूर्वी, त्या रस्त्यावरून चालत जाणाऱ्यास चित्रात उमटण्याइतका अवकाश मिळाला होता काय, हे विचारले पाहिजे. नाहीतर श्रमासाठी अखंड हिंडणारी माणसेच प्रथम इतिहासातून गळतील आणि थांबण्याची सवड असलेली तेवढी उरतील.