बाणकोटचा किल्ला, वेळासची वाळू

सावित्री नदी अरबी समुद्राला मिळते, तिथे उत्तरेला हरिहरेश्वर आणि दक्षिणेला मंडणगड तालुक्यातलं बाणकोट. आज इथे वर्दळ बेताचीच. पण मंडळी, पावणेतीनशे वर्षांपूर्वी या किल्ल्यावर मोठमोठ्या सत्तांचा डोळा होता.

१७५५मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्रे यांच्यावर मोहीम काढली. कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला, पाठोपाठ बाणकोटही पडलं. पुढच्या वर्षीच्या तहात विजयदुर्ग पेशव्यांना देण्याचं कबूल करून इंग्रजांनी बाणकोट पदरात पाडून घेतलं. हिंमतगडाचा ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाला. राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९चा, तेव्हा हे नाव तिचं नव्हे! पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचा कारभारही इथूनच चालू लागला. पण १८२२मध्ये ते ठाणं रत्नागिरीला हललं. पुढे सडका झाल्या, आगबोटी बंद पडल्या, माणसं मुंबईला गेली. बंदराची जाग ओसरली.

किल्ल्याजवळच वेळास आहे, नाना फडणीसांच्या भानू घराण्याचं मूळ गाव. इथल्या निवांत वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवं रात्री येऊन अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. मात्र नुसत्या शांततेनं ती वाचली नव्हती. कोल्हे-कुत्री घरटी उकरत, माणसंही अंडी नेत. २००२मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन संरक्षण सुरू केलं. पहाटे किनारा धुंडाळायचा, अंडी कुंपणातल्या खड्ड्यांत पुरायची आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं समुद्राकडे सोडायची. २००६पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय घराघरांतून होते. त्यातून गावाला चार पैसे मिळतात. २०२२च्या जानेवारीत इथल्याच ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवून तिचा प्रवास नोंदवला गेला.

आता सागरी महामार्गाच्या आणि खाडीपुलाच्या योजना आहेत. रस्ता कोकणी माणसालाही हवाच आहे. पण पिल्लं उजेडाच्या रोखानं चालतात. किनाऱ्यावर दिवे लागले, तर ती समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतील. म्हणून दिवे कुठे लावायचे आणि बांधकाम किती आत ठेवायचं, हे रस्त्याआधी ठरायला हवं. बाणकोटचं भवितव्य एकेकाळी तहाच्या कागदावर परक्यांनी ठरवलं. वेळासच्या वाळूचं काय करायचं, हे ठरवताना ती राखणाऱ्या गावकऱ्यांना आधी विचारलं पाहिजे.