तळघरातले यंत्र, भिंतीतल्या नळ्या : धूळ शोषण्याचा विस्मृतीत गेलेला इतिहास

१/ तळघरात एकच मोठे यंत्र. तेथून भिंतींच्या आतून साऱ्या घरात फिरलेल्या नळ्या. प्रत्येक दालनात भिंतीला एक झाकणबंद तोंड. त्यात लवचीक नळी बसवायची, की धूळ थेट तळघरात. ही 'सेंट्रल व्हॅक्यूम' पद्धत आज आधुनिक चैन वाटते. परंतु घरोघरी पोहोचलेल्या विजेच्या व्हॅक्यूम क्लीनरपेक्षा ती जुनी आहे.

२/ एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील घरांत गालिचे साफ करणे म्हणजे ते उचलून अंगणात नेणे आणि बडवणे. घरातली झाडलोट तर धूळ केवळ हलवीत असे. थोड्या वेळाने ती पुन्हा तेथेच बसे.

३/ १९०१ मध्ये लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये हवेच्या झोताने धूळ उडवणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. प्रेक्षकांत ह्यूबर्ट सेसिल बूथ हा अभियंता होता. धूळ उडवण्याऐवजी शोषून का घेऊ नये, असे त्याने विचारले. ते अशक्य असल्याचे उत्तर मिळाले.

४/ बूथचे समाधान झाले नाही. पुढे एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या मखमलीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड टेकवले आणि जोराने श्वास ओढला. त्याचा जीव गुदमरला. पण रुमालावर धुळीचा डाग उमटला होता. हवा आरपार जाऊ द्यावी आणि धूळ कापडाने अडवावी, हे तत्त्व सिद्ध झाले. त्याच वर्षी त्याने पेटंट घेतले.

५/ त्याचे यंत्र इतके अवजड होते, की ते घोडागाडीवरून आणावे लागे. गाडी रस्त्यावर उभी राही आणि खिडक्यांतून लांब नळ्या आत सोडल्या जात. इंजिनाच्या आवाजाने घोडे बुजतात, अशा तक्रारी होऊन प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. तरीही १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने स्वच्छ झाले आणि पुढे राजवाड्यातही ते पोहोचले.

६/ यंत्र रस्त्यावर उभे करण्यापेक्षा इमारतीतच कायमचे बसवले तर? अमेरिकेत डेव्हिड केनी याने हेच केले. १९०२ मध्ये पिट्सबर्गच्या फ्रिक बिल्डिंगमध्ये त्याने वाफेवर चालणारे, सुमारे १,८०० किलो वजनाचे यंत्र बसवले. नळ्यांचे जाळे इमारतभर पसरले होते. १९०७ मध्ये त्याला महत्त्वाचे पेटंट मिळाले.

७/ अशा व्यवस्थेचा मोठा गुण म्हणजे गोंगाट आणि धूळ दोन्ही राहत्या खोलीबाहेर जात. दोष एकच, पण निर्णायक : खर्च. बांधून झालेल्या घराच्या भिंती फोडून नळ्या घालणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हते.

८/ मात केली ती एका सफाई कामगाराने. ओहायोतील कँटन शहरात जेम्स मरे स्पँगलर एका दुकानात झाडलोट करी. त्याला दमा होता आणि धुळीने तो बळावे. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हाताने फिरवता येईल असे यंत्र बनवले. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळाले.

९/ हे हक्क विकत घेतले विल्यम हूवर याने. त्याचा धंदा घोड्यांच्या चामडी साजाचा. मोटारगाड्यांमुळे त्याला उतरती कळा लागणार हे दिसत होते. बूथच्या यंत्राला घोडे बुजले होते, हूवरच्या यंत्राला घोड्यांच्या ओहोटीने जन्म दिला. स्वस्त आणि सुटसुटीत यंत्रापुढे भिंतीतल्या नळ्या मागे पडल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर हलक्या प्लॅस्टिक नळ्या आल्या, तेव्हा कुठे ही पद्धत उत्तर अमेरिकेतील घरांत परतली.

१०/ मग श्रम वाचले का? इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की यंत्रांनी कष्ट हलके केले, परंतु गृहिणीचे तास फारसे घटले नाहीत. गालिचे बडवायला पूर्वी पुरुष, मुले किंवा नोकर हात लावीत. यंत्र आल्यावर ते काम एकटीचे झाले, आणि स्वच्छतेची अपेक्षाही वाढली. धूळ तळघरात गेली. नळी मात्र बहुधा तिच्याच हातात राहिली.

#इतिहास #तंत्रज्ञानाचा_इतिहास