स्फटिक कुंडीतले आणि काळ्या मातीतले

३० मे २०२४ ला नागपूरचं तापमान ५६ अंशांवर गेल्याची बातमी फोनाफोनावर फिरली. आकडा रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या जागेत बसवलेल्या स्वयंचलित यंत्राचा होता. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. पण तोवर बऱ्याच नागपूरकरांनी तो आकडा निमूटपणे खरा मानून टाकला होता. नवतपा चालू होता, आणि २०१३ च्या मे महिन्यात याच शहरात ४७.९ अंश खरोखरच नोंदले गेले होते. त्यापुढे आठ अंश काय नि दहा अंश काय!

रामदासपेठेच्या शेजारी धंतोली. एकेकाळी अंगणाच्या बंगल्यांची वस्ती, आता मुख्यतः दवाखान्यांची आणि अपार्टमेंटची. नवतपात इथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत तुळस जगवायची असेल आणि घरातल्या सगळ्यांना चार दिवस लग्नाला जायचं असेल, तर काय करायचं? याचं उत्तर आता ऑनलाइन मिळतं. खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे पांढरे कण, शंभर-दोनशे ग्रॅमचं पाकीट. पाण्यात टाकले की अर्ध्या-पाऊण तासात पारदर्शक जेलीचे गोळे होतात. साबुदाणा रात्रभर भिजून फुगतो तसंच हे, फक्त साबुदाणा दुपटीवर थांबतो आणि हे शेकडो पटीत जातात. मातीत मिसळले की पाणी घातल्यावर फुगायचं, माती सुकली की मुळांना पाणी देत आक्रसायचं, असा त्यांचा धंदा. पाकिटावर ‘पाण्याचे स्फटिक’ किंवा असंच काही नाव असतं. रसायनशास्त्राच्या हिशेबाने हे स्फटिक नाहीतच. हा लांबलचक साखळ्यांचा, जागोजागी एकमेकींत अडकवलेल्या रेणूंचा गुंता आहे. खरे स्फटिक कुठे असतात, ते पुढे येईलच.

या गुंत्याचा जन्म शेतीतूनच झाला, तोही मक्यापायी. १९३८ च्या एका कायद्याने अमेरिकेने चार प्रादेशिक प्रयोगशाळा उभ्या केल्या. शेतात जास्तीचं पिकतं त्याचा नवा उपयोग शोधायचा, हे त्यांचं काम. त्यातली एक इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावात. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची युक्ती जिथे सापडली, ती हीच जागा. १९७० च्या दशकात तिथल्या विल्यम डोन, जॉर्ज फँटा वगैरे संशोधकांनी मक्याच्या स्टार्चवर अ‍ॅक्रिलोनायट्राइलचं कलम केलं. आपल्या अ‍ॅक्रिलिक स्वेटरच्या धाग्याचं मूळ हेच रसायन. कलम केलेला पदार्थ अल्कलीत शिजवल्यावर जे हाती आलं ते स्वतःच्या वजनाच्या कित्येक शेकडा पट पाणी ओढून घेत होतं. त्याला त्यांनी नाव दिलं ‘सुपर स्लर्पर’. भुरका मारणारा महाभुरक्या म्हणा हवं तर.

हे का होतं, ते फार अवघड नाही. साखळीवर जागोजागी ऋणभारित गट असतात आणि त्यांच्या जोडीला सोडियम किंवा पोटॅशियम. आत क्षार जास्त, बाहेरच्या पाण्यात कमी, म्हणून पाणी आत घुसतं. साखळ्या एकमेकींत अडकलेल्या असल्याने विरघळून जाऊ शकत नाहीत, नुसत्या ताणल्या जातात. लोणच्याच्या फोडीला मीठ लावल्यावर पाणी बाहेर येतं, त्याच्या नेमकं उलट.

बियांवर लेप द्यायचा, रोप लावताना मुळं या जेलमध्ये बुडवायची, वाळूच्या जमिनीत मिसळायचं, अशी स्वप्नं तेव्हा पाहिली गेली. प्रत्यक्षात पैसा दुसरीकडे होता. जपानी कंपन्यांनी अ‍ॅक्रिलिक आम्लापासून असे कण बनवले. १९७८ च्या सुमारास ते सॅनिटरी पॅडमध्ये आले आणि पाठोपाठ बाळांच्या डायपरमध्ये. आजही जगात तयार होणाऱ्या अशा पॉलिमरचा सिंहाचा वाटा डायपरमध्येच जातो. शेतासाठी निघालेली गोष्ट पाळण्यात पोचली ती अशी.

आपल्याकडे मात्र ती शेताचंच नाव घेऊन आली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात स्टार्चवर आधारलेला असाच एक पदार्थ तयार झाला, त्याचं नाव ‘जलशक्ती’. हळदीच्या पेटंटच्या लढाईमुळे घराघरात माहीत झालेले रघुनाथ माशेलकर १९७६ पासून या प्रयोगशाळेत होते आणि पाणी पिऊन फुगणारे जेल हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. जलशक्ती बाजारात आली, तिचे शेतावर प्रयोग झाले, कृषी-नियतकालिकांत निबंध छापून आले. तरीही कोरडवाहू शेतकऱ्याच्या बोलण्यात युरिया किंवा ठिबक हे शब्द जसे रुळले तसा हा शब्द रुळला नाही. आज गुगलवर ‘जलशक्ती’ शोधलंत तर २०१९ साली स्थापन झालेलं केंद्रीय मंत्रालय सापडेल. पुण्याच्या भुकटीपर्यंत पोचायला बरंच खाली जावं लागतं.

मग दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा हायड्रोजेल’ आणलं. (पुसा हे खरं तर बिहारमधलं गाव. १९०५ मध्ये संस्था तिथे सुरू झाली, १९३४ च्या भूकंपात इमारत पडली, संस्था दिल्लीला आली आणि येताना गावाचं नाव घेऊन आली.) हे सेल्युलोजवर बेतलेलं आहे आणि उष्ण हवामानासाठी मुद्दाम घडवलेलं. वजनाच्या किमान साडेतीनशे पट पाणी धरतं, मात्रा हेक्टरी अडीच ते पाच किलो. आकडे भारदस्त वाटतात. पण इथे फोनचा कॅल्क्युलेटर उघडावा.

पाच किलोला साडेतीनशेने गुणा. साडेसतराशे लिटर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होतं. म्हणजे पूर्ण फुगलेलं हायड्रोजेल एका वेळी धरतं ते पाणी पाव मिलिमीटर पावसाहूनही कमी! विदर्भाच्या मे महिन्यात जमीन आणि पिकं मिळून एका दिवसात याच्या कित्येक पट पाणी हवेला देतात. याचा अर्थ हे खोटं आहे असा नाही. बियांच्या ओळीत, बियाण्याला लागून टाकलं तर पेरणीनंतरच्या नाजूक आठवड्यात त्या थोड्या ओलाव्याने उगवण सावरू शकते, आणि कण पुन्हा पुन्हा भरतात-रिकामे होतात. पण ‘एका पाकिटाने शेताचा दुष्काळ हटेल’ अशा सुरात जे रील्स फिरतात, त्यांच्यासाठी हा एक गुणाकार पुरेसा आहे. किमान पाच किलोचे पैसे मोजण्याआधी शेतकऱ्याला तो कुणीतरी करून दाखवायला हवा.

आता त्या खऱ्या स्फटिकांकडे.

धंतोलीहून चालत जाता येईल इतक्या अंतरावर सीताबर्डीची टेकडी आहे. ही टेकडी काळ्या बसाल्टची, म्हणजे ज्या लाव्ह्याने जवळजवळ सगळा महाराष्ट्र झाकला त्याचा हा पूर्वेकडचा काठ. शहराच्या पूर्व भागात हा थर संपतो आणि त्याहून कितीतरी जुना खडक उघडा पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी हातोडा घेऊन या खडकांच्या थरांत जीवाश्म शोधत फिरायचा. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्याचंच नाव आहे. १८६३ च्या पावसाळ्यात टाकळघाटाजवळ ओढा ओलांडताना तो बुडून गेला. सहकारी रॉबर्ट हंटरबरोबर त्याने केलेलं नागपूरच्या भूशास्त्राचं वर्णन अजूनही उल्लेखलं जातं.

तो बसाल्ट हजारो वर्षं पावसापाण्याने झिजत गेला आणि त्याची काळी माती झाली. या मातीतल्या चिकणीचा मुख्य घटक आहे स्मेक्टाइट. एकावर एक रचलेले, मिलिमीटरचा दहा लाखावा भाग इतक्या जाडीचे पापुद्रे, आणि पापुद्र्यांच्या फटीत शिरून बसणारं पाणी. हे अस्सल स्फटिक. पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आक्रसतात, म्हणून मे महिन्यात काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात आणि मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खोल उतरतो. खोल काळ्या जमिनीचा मीटरभर थर पिकाला मिळू शकेल असं साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरतो. वरच्या पाव मिलिमीटरशेजारी हा आकडा ठेवून बघा. ब्रिटिश बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांनी नागपूर भागात सारा ठरवताना जमिनीच्या स्थानिक वर्गवारीचाच आधार घेतला: काळी, मोरंड, खरडी, बरडी. ही उतरती भाजणी बऱ्याच अंशी पाणी धरण्याच्या ताकदीची आहे. देशभरच्या मातीची पाहणी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच, अमरावती रोडवर आहे.

काळी मातीही काही संत नाही. ती पाणी इतकं घट्ट धरते की त्यातला बराच भाग मुळांना ओढताच येत नाही. हात लावला तर माती दमट आणि झाड मात्र माना टाकलेलं, हे दृश्य त्यामुळेच दिसतं. पांढरे कण इथे उदार आहेत. धरलेलं पाणी ते जवळजवळ सगळं परत देतात.

संत्र्याचा बागाईतदार तर पाणी धरण्यापेक्षा ते तोडण्याच्या विवंचनेत असतो. आंबिया बहार हवा असेल तर थंडीत झाडाला पाणी बंद करून ताण द्यावा लागतो, त्याशिवाय फुलं नीट येत नाहीत. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत जास्त आठवडे लागतात. अशा बागेत आणखी पाणी धरणारं काही घालायला सांगणाऱ्याने आधी बहार कुठला धरायचा आहे ते विचारावं. आणि जमीन हलकी असेल तर इथला जुना उपाय पाकिटात मिळत नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मिळतो: तलावातला गाळ. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांपासून छोट्या पाझर तलावांपर्यंत सगळीकडे साचतो तो याच बारीक चिकणीचा साका. २०१७ मध्ये राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने त्याची योजना केली. शेतकरी गाळ मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून वाहून नेत होते.

मग धंतोलीला पांढरे कण का लागावेत? कारण धंतोली जमिनीवरून उठून कुंडीत गेली. अंगणातल्या मोगऱ्याची मुळं काळ्या मातीत ओलाव्यामागे खाली उतरत. तिसऱ्या मजल्यावरच्या मोगऱ्याला वीतभर खोली मिळते, तीही बहुतेक वेळा कोकोपीट आणि कंपोस्टच्या हलक्या मिश्रणाची, कारण भिजलेली काळी माती भरलेल्या वीस कुंड्यांचं वजन बाल्कनीला आणि कमरेला दोन्हींना झेपत नाही. शिवाय काळी माती कुंडीत एकटी भरली तर विटेसारखी घट्ट होते. या वीतभर जगात गुणाकार बदलतो. दहा लिटरच्या कुंडीला लिटरमागे दीड ग्रॅम, म्हणजे पंधरा ग्रॅम कण. नळाच्या पाण्यात शंभर पट धरलं आणि मातीच्या दाबासाठी थोडं वजा केलं, तरी लिटरभर पाणी जास्तीचं. शेतात नगण्य असलेली गोष्ट इथे तुळशीचे एक-दोन दिवस वाचवते. मोठी जास्वंद तेवढं एका दिवसात संपवू शकते. आठवडाभराच्या सहलीची हमी कुणी देत असेल तर ती पाकिटापुरतीच समजावी.

शंभर पट का, पाकिटावर तर चारशे लिहिलंय? चारशे हा आकडा शुद्ध, क्षार नसलेल्या पाण्यातला असतो. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतात. त्यांचा एकेक कण दोन साखळ्यांना एकत्र गाठ मारून ठेवतो आणि जेल आक्रसतं. रासायनिक खताच्या पाण्यातही थोड्याफार फरकाने असंच होतं. नागपूरकरांनी विशेष सांभाळायचं ते कूलरच्या टाकीतलं पाणी. ज्या कोरड्या हवेवर आपला कूलर चालतो तीच हवा कुंडीही सुकवते. कूलरमधून वाफ उडून जाते आणि क्षार टाकीत मागे राहतात, जाळीवर पांढरा थर चढतो तो त्यांचाच. ते उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंडीत ओतायची आपल्याकडे पद्धत आहे. हेतू चांगला, पण कण घातलेल्या कुंडीत ते ओतणं म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं.

डायपर फाडून त्यातली जेली कुंडीत घालणारे व्हिडिओही तुम्ही पाहिले असतील. डायपरमधले कण सोडियमचे असतात आणि सोडियम मातीला आणि मुळांना जाचक. झाडांसाठीचे कण सहसा पोटॅशियमचे घेतात, ते याच कारणाने. घरात लहान मूल असेल तर आणखी एक: कोरडे कण, विशेषतः रंगीत मण्यांच्या रूपात मिळणारे, गिळले तर पोटात फुगून आतडं अडवू शकतात. पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवरच ठेवा.

वापरायचेच असतील तर कण आधी भिजवून, फुगलेले, मुळांच्या उंचीला मिसळावेत. कोरडे आणि सढळ हाताने घातले तर पहिल्या पाण्यालाच माती वर येते आणि रोप कुंडीच्या काठावर चढून बसतं. पृष्ठभागावर उघडे राहिले तर ऊन त्यांचा निकाल लावतं. खाली राहिले तरी काही वर्षांत साखळ्या तुटत जातात आणि फुगणं कमी होतं. वरून वाळल्या पानांचा दोन बोटं जाड थर द्यावा, तोही कणांइतकंच काम करतो आणि फुकट असतो. आणि लग्नाला जाण्याआधी कुंड्या कठड्यावरून उचलून भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात. जागा असेल तर मोठ्या कुंडीत एक छोटं, न भाजता उरलेलं नव्हे, चांगलं भाजलेलं पण बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावं आणि वर झाकणी ठेवावी. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही रीत आहे. त्यासाठी लागणारं छोटं मडकं उन्हाळ्यात नागपुरात कुठल्याही कुंभाराकडे मिळतं.