मुलाचं लक्ष लागत नाही: घरी काय पाहायचं, शाळेत काय विचारायचं

“हुशार आहे हो, पण एका जागी बसतच नाही.” पालक असं सांगतात तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो: हे फक्त वर्गातच होतं, की घरीसुद्धा?

एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता, या आजारात त्रास एकाच ठिकाणी दिसत नाही. शाळेत अभ्यास अर्धवट राहतो, घरी दुकानातून आणायला सांगितलेल्या तीन वस्तूंपैकी एकच येते, खेळताना स्वतःची पाळी येईपर्यंत धीर धरवत नाही. ही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी सुरू झालेली असावी लागतात, किमान ६ महिने टिकलेली असावी लागतात आणि त्या वयाच्या इतर मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त असावी लागतात. जगभरात साधारण ५ टक्के मुलांमध्ये हा त्रास आढळतो. तो तुमच्या लाडामुळे किंवा धाकाच्या अभावामुळे होत नाही. मुली बऱ्याचदा दंगा करत नाहीत, नुसत्या हरवल्यासारख्या बसतात, म्हणून त्यांचं निदान राहून जातं.

“मोबाइलवर तासभर बसतो, मग लक्ष कसं नाही?” हा प्रश्न हमखास येतो. मोबाइलवर दर काही सेकंदांनी नवीन काहीतरी मिळतं, पाढ्यांत ते मिळत नाही. त्यामुळे मोबाइलवर बसणं हा आजार नसल्याचा पुरावा नाही.

आधी हे तपासून घ्या

एडीएचडी ओळखणारी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन नाही. म्हणून दुसरी कारणं आधी बाजूला काढावी लागतात. फळा नीट न दिसणं, वाहणारा कान, रक्त कमी असणं, अपुरी झोप, घोरणं. मूल दिवसातून अनेकदा काही सेकंद एकटक पाहत राहतं, हाक मारली तरी भानावर येत नाही, पापण्या फडफडतात, असं असेल तर ती फिट असू शकते. तिची औषधं वेगळी असतात, त्यामुळे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या.

हिंगोली–वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाका परिसरात राहत असाल, तर आणखी दोन गोष्टी लक्षात घ्या. तुम्ही ऊसतोडीला किंवा कामासाठी बाहेर जात असाल आणि मूल काही महिने शाळेत नसेल, तर परतल्यावर धडा त्याच्या डोक्यावरून जातो. घरी गोरमाटी बोलणाऱ्या लहान मुलाला पहिलीतलं मराठी परकं वाटू शकतं. न कळणाऱ्या तासाला कोणतंही मूल चुळबुळ करेल. अशा मुलाला गोळीची नव्हे, मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्याची गरज असते. केवळ वाचन-लेखनच अडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळतात.

कुठे जायचं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा आणि तुमची शंका शिक्षकांमार्फत पथकाच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. वाट पाहायची नसेल, तर हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, त्यांनी सुचवल्यास मानसोपचारतज्ज्ञांना. जाताना वह्या न्या आणि शिक्षकांकडून चार ओळी लिहून घ्या: किती वेळ बसतो, कोणत्या विषयाला जास्त त्रास होतो, मधल्या सुट्टीत कसा वागतो. या चार ओळींचा निदानाला प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त उपयोग होतो. घरून सल्ला हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

उपचार

सहा वर्षांखालील मुलांत सुरुवात पालकांच्या प्रशिक्षणाने होते, औषधाने नाही. एका वेळी एकच सूचना द्या, तीही जवळ जाऊन, नजर मिळवून. गृहपाठ दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून घ्या. काम झालं की लगेच शाबासकी द्या, रविवारची वाट पाहू नका. शिक्षकांना पहिल्या बाकावर, खिडकी-दारापासून दूर बसवायला सांगा. फळा पुसायला, वह्या गोळा करायला उठवलं तर अशा मुलाला बसणं सोपं जातं. मारल्याने लक्ष वाढत नाही, खोटं बोलणं मात्र वाढतं.

मोठ्या मुलांत त्रास जास्त असेल, तर डॉक्टर मिथाइलफेनिडेटसारखं औषध देऊ शकतात. त्याने भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन, उंची आणि रक्तदाब वेळोवेळी मोजावे लागतात. हे औषध दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आणून देऊ नका, आणि बंद करायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.