लाकडी माडीवरील फरशी : थोडा पूर्वेतिहास

जुन्या वाड्यांच्या व देवळांच्या नगारखान्यांच्या माड्या बहुधा लाकडी असत. तुळयांवर कडीपाट, त्यावर मातीचा थर व वर शेणाचे सारवण अशी ही जमीन असे. पावसाळ्यात लाकूड फुगून भेग पडली तरी पुढच्या सारवणाने ती बुजत असे.

सन १८७१ मध्ये सोलापूर-रायचूर रेल्वेमार्ग पुरा झाला व शहाबादची फरशी दूरवर नेणे सोयीचे झाले. फरशी ही प्रतिष्ठेची बाब ठरली आणि लोक ती माडीवरही बसवू लागले. परंतु लाकूड हलते, फरशी हलत नाही. सांधे सुटले, पाणी झिरपले व भिंतीतील तुळयांची टोके आतल्या आत कुजली.

भारही थोडा नव्हे. एक इंची शहाबादी फरशी व खालचा दोन इंच माल मिळून १०० चौरस फुटांस सुमारे दीड टन वजन होते.

म्हणून जाणते कारागीर प्रथम जुनी माती काढतात, तुळयांची टोके ठोकून पाहतात, वाळवी लागलेले लाकूड बदलतात, फळ्या स्क्रूने आवळतात. त्यावर डांबरी कागद व जाळी अंथरून पातळ माल घालतात आणि भिंतीलगत फट सोडतात. फळी पावलाखाली लवत असेल तर फरशी बसवीतच नाहीत.

फरशीवर देणगीदाराचे नाव कोरले जाते, तुळईवर कोणाचेच नसते. तरी सर्व भार तीच वाहते. दात्यांनी व ग्रामस्थांनी तिचीही आठवण ठेवावी, ही नम्र विनंती.